गोचिडांवर झाडपाल्याचा अर्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध संकलनावर कॅन घेऊन उभी असलेली माणसं जे प्रश्न परत परत विचारतात तेच इथे घेतलेत. मुख्यतः गायी-म्हशींसाठी आहे, शेळ्या आणि कुत्र्या-मांजरांचं मधे वेगळं सांगितलंय. हे डॉक्टरांच्या ऐवजी नाही, त्यांना कधी फोन करायचा तेपण खाली आहे.

झाडपाल्याने गोचीड खरंच मरतात का, की नुसतं समाधान?

मरतात, पण तुम्हाला सवय आहे तसे मरत नाहीत. डेल्टामेथ्रिन (गोचिडांवरचं दुकानातलं रासायनिक औषध) मारलं की तासाभरात गोचीड खाली पडायला लागतात (म्हणजे औषधाला अजून दाद देत असतील तर). कडुनिंबाचं तसं नाही. त्यातला मुख्य घटक अझाडिरॅक्टिन, तो गोचिडाचं कात टाकणं बिघडवतो, रक्त पिण्यावर परिणाम करतो, मादी अंडी कमी घालते आणि घातलेल्यातली बरीच फुटत नाहीत. म्हणजे आज फवारलं आणि उद्या सकाळी गाय चकाचक असं होणार नाही, फरक दिसतो तो पुढच्या पिढीत, काही आठवड्यांनी. पहिल्या फवारणीनंतर "काय उपयोग नाही" म्हणून सोडून देणारेच जास्त, आणि मग दोष कडुनिंबाला.

मेडिकलमधून बाटली आणली की काम होतंय, मग हा खटाटोप कशाला?

होत असेल तर करा की, कोणी अडवलंय. पण खूप ठिकाणी आता होत नाहीये. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन हे वर्षानुवर्षं तेच ते मारून, तेही अंदाजपंचे झाकणाने मोजून, कधी पातळ कधी घट्ट, गोचीड त्याला सरावलेत. भारतात बऱ्याच भागात ही प्रतिकारशक्ती तपासण्यांमध्ये सापडलेली आहे. आपल्याकडे लोक काय करतात, औषध लागू पडेना म्हणून डोस दुप्पट करतात, तो गोचिडाला कमी आणि गायीला जास्त लागतो. दुसरं म्हणजे दूध. आयव्हरमेक्टिनचं (गोचीड-जंतांवरचं औषध) इंजेक्शन चरबीत साठतं आणि दुधातून उतरतं, दुभत्या गायीला डॉक्टरांना न विचारता ते टोचणं म्हणजे आपणच ते दूध घरी पोरांना पाजणं.

गंमत अशी की डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही सगळी मंडळी मुळात शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम नावाच्या फुलातल्या रसायनावरून बनवलेली आहेत. म्हणजे झाडपाला विरुद्ध केमिकल अशी भिंत घालण्यात काही अर्थ नाही. गोचीड फार वाढलेत, गाय लोळागोळा झालीय, तर आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधच मारा, संख्या खाली आणा, आणि मग अर्काने ती खाली ठेवा.

फवारलं, चार दिवसांनी परत तेवढेच. अर्क खोटा होता का?

नाही हो. गोचीड गायीवर राहतात हाच आपला गैरसमज आहे. जाणकार सांगतात की कुठल्याही वेळी एकूण गोचिडांपैकी जनावराच्या अंगावर असतात ते जेमतेम ५ टक्के, बाकीचे अंडी, पिल्लं, उपाशी बसलेले असे सगळे गोठ्यात नाहीतर चरायच्या जागेत. तुम्ही ५ टक्क्यांवर फवारलं, ९५ टक्के भिंतीत बसून वाट बघतायत.

हे नीट समजायचं तर दोन जातींची ओळख पाहिजे. एक ऱ्हिपिसेफॅलस, जुन्या पुस्तकात बूफिलस म्हणायचे. पाय आखूड, फुगली की मादी निळसर राखाडी, एरंडाच्या बीसारखी टम्म. ही पिल्लू असताना एकदा गायीवर चढली की साधारण ३ आठवडे तिथेच राहते, तिथेच दोनदा कात टाकते, तिथेच मोठी होते, आणि पोट भरलं की खाली पडून एखाद्या फटीत २ ते ३ हजार अंडी घालून मरते. दुसरा हायलोमा. मोठा, तपकिरी, तोंड लांब, आणि पायांवर पांढरे पट्टे, हा पट्टा बघितला की ओळखायचं. हा अंगावर कायम राहत नाही, रक्त पितो, उतरतो, गोठ्याच्या भिंतीत जाऊन कात टाकतो आणि परत चढतो. संकरित गायींना जो थायलेरियाचा (गोचिडातून रक्तात जाणारा जंतू) ताप येतो तो याच्यामुळे.

खात्री करायची असेल तर रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन गोठ्यात जा आणि गव्हाणीच्या मागच्या बाजूची फट, दावणीच्या खुंट्याचं भोक, जुन्या भिंतीचा पोपडा उडालाय तिथे उजेड टाका. पोपडा बोटाने उचलला तर खाली चिकट तपकिरी अंड्यांचा साबुदाण्यापेक्षा बारीक दाण्यांचा ढीग दिसेल, आणि बाजूला सहा पायांची टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं. मोठ्याला आठ पाय, पिल्लाला सहा. ही पिल्लं काही न खाता महिनोन् महिने तग धरतात.

बरं मग कोणता अर्क करू? प्रमाण सांगा.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ म्हणजे आणंदचं एनडीडीबी, त्यांनी पारंपरिक पशुउपचारांची जी पाककृती दिलीय तीच मी सांगतो, कारण सगळ्या वस्तू आपल्या परसात नाहीतर किराणा दुकानात मिळतात:

लसूण १० पाकळ्या, कडुनिंबाचा पाला १ मूठ, निंबोळ्या १ मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला १ मूठ (कोणी टणटणी म्हणतं, बांधावर रंगीबेरंगी फुलांची असते ती), तुळशीचा पाला १ मूठ.

सगळं मिक्सरला नाहीतर पाट्यावर बारीक वाटा, १ लिटर स्वच्छ पाणी घाला, गाळून घ्या. गाळताना चहाची गाळणी पुरत नाही, जुनं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा दुहेरी करून गाळा, नाहीतर पंपाचा नोझल दर दोन मिनिटांनी तुंबणार आणि तुम्ही वैतागून सोडून देणार. सगळ्या अंगावर फवारा किंवा फडकं बुडवून चोळा. मला विचाराल तर फडकंच बरं, गाय बिथरत नाही आणि १ लिटरमध्ये भागतं. आठवड्यातून एकदा, गोचीड जाईपर्यंत. आठवड्याला का, तर वर सांगितलं ना ३ आठवडे अंगावर राहतो, त्यात तीन-चार वेळा अर्क लागला की पिल्लू, मधली अवस्था, मोठा असे सगळे कधी ना कधी सापडतात. एकदाच मारून हे होत नाही.

लावायच्या जागा: कानाच्या आत नाही पण कानाची पाळी आणि मागची बाजू, मानेखालची पोळी, पुढच्या पायांची बगल, मांड्यांची बेचकी, शेपटीच्या खाली, खुरांच्या मधे. पाठीवर छान फवारून ह्या जागा कोरड्या ठेवणारे खूप बघितलेत, गोचीड तर तिथेच असतात.

माझ्याकडे नुसत्या निंबोळ्या आहेत. चालेल?

चालेल. शेतात जो ५ टक्के निंबोळी अर्क मारतो तोच. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत, सकाळी गाळायचं, थोडा साधा साबण विरघळवून घालायचा म्हणजे अर्क केसांवरून ओघळून न जाता कातडीपर्यंत पोचतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उकळू नका, "काढा केला की जोर येतो" हे अडुळशाला ठीक आहे, अझाडिरॅक्टिन उष्णतेने मोडतं. दोन, चुन्याच्या पाण्यात मिसळू नका, तिथेपण ते टिकत नाही.

निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात तेव्हाच गोळा करून साल-गर काढून सावलीत वाळवून ठेवा. ओल्याच पोत्यात भरल्या की बुरशी धरते, काळ्या पडतात, त्या टाकून द्या. गेल्या वर्षीच्या वापरण्यापेक्षा यंदाच्या चांगल्या, जुन्यात दम कमी होतो.

सकाळी मारायचं की संध्याकाळी? शेतीवाले संध्याकाळी सांगतात.

शेतीवाले बरोबर सांगतात, ऊन लागलं की कडुनिंबाचा अर्क लवकर खराब होतो. पण गाय म्हणजे कापसाचं झुडूप नाही, संध्याकाळी ओली केलेली गाय रात्रभर ओली राहते, थंडीत तर विचारूच नका. म्हणून अंगावर लावायचं ते चांगलं ऊन असताना, एनडीडीबीही उन्हाच्या वेळीच सांगतं, अंग वाळलं पाहिजे. आणि गोठ्याच्या भिंती-फटी संध्याकाळी. पावसात भिजणार असेल त्या दिवशी लावूच नका, सगळं धुऊन जातं.

कृषी सेवा केंद्रात १५०० पीपीएमचं निंबोळी तेल मिळतं, ते पातळ करून मारलं तर?

नको. ते पिकासाठी बनवलेलं आहे, त्यात तेल पाण्यात मिसळावं म्हणून दुसरी द्रावकं घातलेली असतात, ती जनावराच्या कातडीसाठी तपासलेली नसतात. घाण्याचं शुद्ध कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल मिळालं तर ते थोडं खोबरेल नाहीतर सरकीच्या तेलात मिसळून गोचीड आहेत तेवढ्याच जागी फडक्याने लावा. सगळी गाय तेलाने माखून उन्हात बांधू नका.

आणि पंप! तणनाशकाचा पंप "धुऊन घेतलाय" म्हणून गायीवर आणू नका. कितीही धुतला तरी. गोठ्यासाठी एक वेगळा छोटा हातपंप ठेवा, काही फार महाग येत नाही.

सीताफळाच्या बिया जालीम असतात म्हणे?

असतात, म्हणूनच सांभाळून. बियांमध्ये अॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात, ती किड्याच्या पेशीतली ऊर्जा तयार होण्याची यंत्रणाच बंद पाडतात. उवांसाठी बायका पूर्वीपासून ही पूड लावत आल्यात, आणि त्याच पुडीने डोळे लाल होऊन बुबुळाला इजा झालेले पेशंट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येतात, हे नवीन नाही. गाय मान झटकते, शेपूट मारते, एक थेंब तिच्या नाहीतर तुमच्या डोळ्यात गेला की संपलं. शिवाय ही द्रव्यं पाण्यात नीट उतरतही नाहीत, म्हणजे पाण्यात भिजवून केलेल्या अर्कात धोका आहे आणि गुण अर्धवट. मी तरी गोठ्याच्या फटींपलीकडे वापरू नका म्हणेन, आणि ते करतानाही चष्मा लावा.

तंबाखूचं पाणी? आमचे आजोबा लावायचे.

आजोबा लावायचे आणि गोचीड पडायचेही, निकोटिन आहे ते, मरणारच. पण निकोटिन कातडीतून आत जातं, तंबाखूच्या शेतात ओला पाला तोडणाऱ्या मजुरांना उलट्या-चक्कर येते ती त्यामुळेच. पुडी किती कडक, पाणी किती घट्ट झालं, काही मोजमाप नाही. वासराला लाळ सुटली, थरथर कापायला लागलं तर धावपळ तुमचीच. त्यापेक्षा वरचं मिश्रण काय वाईट आहे.

जळकं ऑइल, रॉकेल, डिझेल?

नाही. कातडी भाजते, केस जातात, गाय चाटते ते पोटात जातं. यावर जास्त लिहीत नाही.

गाभण गाय, दुभती गाय, लहान वासरू, कोणाला लावायचं नाही?

बाहेरून लावायला दुभत्या गायीला हरकत नाही, पण कासेला आणि सडांना लावू नका, आणि धार काढायच्या आधी कास कोमट पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर दुधाला कडू वास येतो आणि संकलनावर कॅन परत येतो. धार काढून झाल्यावर लावा, म्हणजे मधे वेळ मिळतो.

गाभण गायीला कडुनिंब पोटातून देऊ नका, बाकी बाहेरून सौम्य चालतं. लहान वासरांना फवारू नका, पिळलेल्या फडक्याने थोड्या भागाला लावून बघा. खरं तर कुठल्याही जनावराला पहिल्यांदा लावताना मांडीवर हातभर जागेत लावून एक दिवस थांबावं, कातडी लाल झाली, फोड आले तर पुढे जायचं नाही. डोळे, नाकपुडी, तोंड, जखम इथे कधीच नाही. लावल्यावर सुकेपर्यंत तोंडाला मुसकं बांधलं तर उत्तम, कारण घाणेरीचा पाला पोटात गेला की यकृताला मार बसतो आणि मग उन्हात कातडी सोलवटते, काविळीसारखं होतं. वाटून उरलेला चोथासुद्धा गव्हाणीजवळ टाकू नका, लांब खड्ड्यात पुरा.

शेळ्या, कुत्रं, मांजर?

शेळ्यामेंढ्यांना चालतं पण त्या एकमेकींना चाटतात, मिश्रण निम्मं पातळ करा आणि सुकेपर्यंत वेगळ्या बांधा. कुत्र्याला साधा निंबोळी अर्क, लसणाचं मिश्रण नको. मांजरावर यातलं काहीच नको, ते दिवसभर स्वतःलाच चाटत बसतं.

गोठ्याचं नेमकं काय करायचं?

इथे मेहनत आहे आणि खरं काम पण इथेच आहे. पहिलं म्हणजे फटी. सिमेंट-वाळूने भरून घ्या, दगडी किंवा मातीची भिंत असेल तर लिंपून घ्या, हा एकदाचा खर्च आहे आणि त्याच्याएवढा गुण कुठल्याच अर्काला नाही. भरता येत नाहीत तिथे फ्लेम गन फिरवतात, पण कडब्याची गंज आणि पाचटाचं छप्पर असलेल्या गोठ्यात आग घेऊन फिरायच्या आधी दहा वेळा विचार करा. भिंतीला चुना मारा, कमरेपर्यंत तरी. अर्क आणि चुना वेगवेगळ्या दिवशी, कारण वर सांगितलंय. शेणाचा उकिरडा गोठ्याला खेटून नको. जुनी पोती, तुटक्या गव्हाणी, कोपऱ्यातली लाकडं बाहेर काढा.

ज्या दिवशी गायीला अर्क त्याच दिवशी संध्याकाळी गोठ्याला, जमिनीपासून तुमच्या डोक्याच्या उंचीपर्यंत, हायलोमा भिंतीवर चांगला वर चढतो. आणि शेजारच्या गोठ्यातही तेच झालं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर तुमची गाय साफ आणि त्यांची म्हैस तुमच्याच बांधावर चरते.

कडुनिंबाची धुरी डास-माश्यांना, फटीत बसलेल्या गोचिडाला तिचं काही पडलेलं नसतं. कोंबड्या सोडल्या तर त्या गोचीड टिपून खातात हे खरं आहे, फक्त औषध किंवा अर्क मारलेल्या दिवशी त्यांना बाहेर ठेवा.

आम्ही हाताने काढून नखाने चिरडतो, चालतं ना?

काढा, पण चिरडू नका. हायलोमामधून क्रिमियन काँगो ताप माणसाला होऊ शकतो, २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ माणसं दगावली होती त्याने. नेहमी होतं असं नाही, पण गोचीड चिरडून रक्ताचा हात तसाच तंबाखू मळायला घेणारे मी रोज बघतो म्हणून लिहिलं. हातमोजे घाला, चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा, आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. जमिनीवर टाकला की तो फटीतच जाणार, मादी असेल तर तिथे अंडी.

रोज काढण्याचा एक फायदा लोकांना माहीत नसतो. थायलेरियाचा जंतू गोचीड चिकटल्या चिकटल्या गायीत जात नाही, गोचिडाच्या लाळेत तो तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे रोज संध्याकाळी खरारा करताना हात फिरवून काढलेला गोचीड हा बऱ्याचदा आजाराआधी काढलेला असतो.

आमच्या गावरान गायीला दोन-चार दिसतात आणि शेजारच्या एचएफला (होल्स्टिन फ्रिजियन, विदेशी जातीची गाय) नुसता सडा. असं का?

देशी जनावरांची कातडी, अंगातली प्रतिकारशक्ती आणि सतत चाटून-झटकून साफ राहायची सवय, सगळं मिळून त्यांच्यावर गोचीड कमी पोसला जातो. खिलार, डांगी, देवणी यांना गोचीड लागत नाहीत असं नाही, लागतात. एचएफ आणि जर्सी संकरित असतील तर पावसाळा सुरू व्हायच्या आधीपासून दिवाळीपर्यंत जास्त लक्ष ठेवा.

गायीला ताप आहे, अर्क लावून बघू का दोन दिवस?

अजिबात नाही. अर्क गोचिडावर आहे, आजारावर नाही. ताप १०४-१०६, खांद्यापुढची किंवा कानाखालची गाठ सुजलीय, रवंथ बंद, डोळ्याची आतली बाजू पांढरी फटक, म्हणजे थायलेरिया असू शकतो. लघवी कॉफीसारखी लाल-काळी म्हणजे बबेसिया, गोचिडामुळेच होणारा दुसरा आजार, असू शकतो. दोन्हीत तासातासाने गाय हातातून जाते. डॉक्टरांना बोलवा, रक्ताची काच तपासायला सांगा, औषधं आहेत, थायलेरियावर ब्युपार्वाक्वोन आहे, पण लवकर मिळालं तर. संकरित वासरांसाठी थायलेरियाची लसपण असते, डॉक्टरांना विचारून ठेवा.

एक मादी गोचीड अर्धा ते २ मिली रक्त पिते. शंभर असतील तर हिशेब करा, ताप नसला तरी दूध का घटलं ते कळेल.

व्हॉट्सअॅपवर आलंय की अमुक पाल्याने ९५ टक्के गोचीड मेले, संशोधन आहे म्हणे.

असेलही. पण ते बहुतेक वेळा काचेच्या ताटलीत झालेलं असतं. भरलेली मादी अर्कात दोन-पाच मिनिटं बुडवतात, मग ताटलीत ठेवून किती मेल्या, किती अंडी घातली ते मोजतात. अर्क पण आपल्यासारखा पाण्यातला नाही, मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये काढून सुकवून परत ५-१० टक्के केलेला. गायीवर केस आहेत, घाम आहे, ऊन आहे, आणि गोचीड बुडवलेला नाहीये, नुसता ओला झालाय. निर्गुडी, करंज, वेखंड, सगळ्यांवर असं काम झालेलं आहे आणि दिशा कळायला ते चांगलं आहे, पण तो आकडा तुमच्या गोठ्याचा नाही.

आम्ही दोडामार्गकडचे, माकडतापाच्या भीतीने विचारतोय. गुरांना अर्क लावला की झालं का?

नाही, तेवढ्यावर विसंबू नका. माकडतापाचा गोचीड जंगलातला, हिमाफायसॅलिस, वेगळी जात. १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१५ ला गोव्यात सत्तरीत आणि २०१६ ला तुमच्याकडे आला. जंगलात चरून येणारी गुरं तो गोचीड घराजवळ आणतात म्हणून गुरांवर उपचार करावेतच. पण माणसाने काजूच्या बागेत किंवा पातेरा गोळा करायला जाताना पूर्ण बाह्या, पायमोजे, आरोग्य खातं देतं ते अंगाला लावायचं तेल, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. जानेवारी ते मे हा काळ जास्त जपायचा.

उरलेला अर्क ठेवता येतो का?

नाही, त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी आंबतो, वास मारतो आणि गुणही जातो. उरलाच तर गव्हाणीमागच्या फटीत ओता.